सर्वोच्च प्राधान्य मिळूनही शस्त्रप्रकल्प उशिरा का होतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत एखाद्या शस्त्रप्रकल्पाला उद्योगातील साधनसामग्रीवर सर्वोच्च राष्ट्रीय प्राधान्य दिले जाते तेव्हा प्रत्यक्ष कारखान्यात काय बदलते, आणि असे प्राधान्य हाताशी असूनही कोलंबिया वर्गाच्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीसारखा प्रकल्प वर्षभराहून अधिक मागे कसा पडतो? संरक्षण उत्पादनाच्या पुरवठा-नियोजनात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि प्राधान्याच्या ऑर्डरी मी देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या अशा दोन्ही बाजूंनी हाताळल्या आहेत. माझे उत्तर असे की प्राधान्य रांगेतील जागा ठरवते, आणि ज्या यंत्रासमोर ती रांग लागली आहे त्या यंत्राचा वेग त्याने वाढत नाही. त्यामुळे ते कधी फार उपयोगी पडते आणि कधी जवळपास निरुपयोगी ठरते. हा फरक कशाने पडतो हे समजण्यासाठी आधी यंत्रणा आणि मग तिचा इतिहास पाहावा लागतो.

आजच्या यंत्रणेचा कायदेशीर पाया म्हणजे १९५० चा संरक्षण उत्पादन कायदा. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ८ सप्टेंबर १९५० रोजी त्यावर स्वाक्षरी केली. मूळ कायद्याचे सात भाग होते; त्यांपैकी पहिला, तिसरा आणि सातवा एवढेच आज प्रभावी आहेत. पहिल्या भागात प्राधान्य आणि वाटप यांचे अधिकार आहेत, तिसऱ्यात उत्पादनक्षमता वाढवण्यासाठी कर्ज, खरेदीची हमी आणि थेट गुंतवणूक यांची तरतूद आहे, तर सातव्यात संकीर्ण व संरक्षक कलमे आहेत. प्राधान्य आणि क्षमता हे विषय कायद्याने दोन वेगळ्या भागांत ठेवले आहेत, याकडे वाचकाने आत्ताच लक्ष द्यावे, कारण बहुतेक गैरसमज ते एकच आहेत असे समजण्यातून होतात.

पहिल्या भागाखाली वाणिज्य खात्याचा उद्योग व सुरक्षा विभाग जी नियमावली चालवतो, तिच्यात फक्त दोन श्रेणी आहेत. डीओ ही साधारण श्रेणी, आणि डीएक्स ही सर्वोच्च. संरक्षण खात्याच्या बहुतेक सर्व ऑर्डरींवर डीओ असतेच, म्हणजे श्रेणी असलेली ऑर्डर ही या उद्योगात अपवादात्मक बाब नाही, ती रोजची आहे. डीएक्स मात्र संरक्षणमंत्री किंवा उपसंरक्षणमंत्री यांच्या मंजुरीनेच मिळते आणि ती मोजक्या प्रकल्पांनाच असते. डीएक्स ही डीओच्या पुढे, डीओ ही श्रेणी नसलेल्या सर्व मालाच्या पुढे, आणि सर्व डीएक्स ऑर्डरी आपापसांत समान, असा साधा क्रम आहे. समान श्रेणीच्या दोन ऑर्डरी एकमेकींच्या आड आल्या तर जिची पोचवण्याची तारीख आधीची ती आधी जाते. तारीखही एकच असेल तर जी आधी हाती आली ती. तारखेच्या या नियमाचे महत्त्व पुष्कळांना उशिरा कळते, आणि मी शेवटी त्याकडे परत येणार आहे.

कारखान्यात याचा अर्थ काय होतो ते पाहू. ऑर्डरवर चार गोष्टी असाव्या लागतात: श्रेणीचे चिन्ह, माल हवा असल्याची निश्चित तारीख, अधिकृत व्यक्तीची स्वाक्षरी आणि ही ऑर्डर नियमावलीखाली दिली असल्याचे विधान. "शक्य तितक्या लवकर" असे लिहिलेले चालत नाही. अशी ऑर्डर आली की पुरवठादाराला ती साधारणपणे नाकारता येत नाही, आणि स्वीकार की नकार हे डीओसाठी १५ व डीएक्ससाठी १० कामकाजाच्या दिवसांत कळवावे लागते. सांगितलेल्या तारखेला माल देणे शक्य नसेल तर मात्र ऑर्डर नाकारणेच बंधनकारक असते, परंतु त्याच वेळी आपल्याला जमणारी सर्वांत जवळची तारीख देऊ करावी लागते. श्रेणी आहे म्हणून जादा भाव लावता येत नाही किंवा वेगळ्या अटी घालता येत नाहीत. नियोजन करणाऱ्याला मग आपले वेळापत्रक मोडून नव्याने मांडावे लागते: भट्टीतील किंवा यंत्रावरील नागरी ग्राहकाचे काम बाजूला सरते आणि श्रेणीचे काम आत येते. या विस्थापनामुळे दुसऱ्या ग्राहकाचा करार मोडला तर नुकसानभरपाईच्या दाव्यापासून सातव्या भागातील कलम पुरवठादाराला संरक्षण देते. जाणूनबुजून नियम मोडल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, पण माझ्या समजुतीप्रमाणे उद्योगाला वळण लागते ते शिक्षेच्या भीतीपेक्षा त्या संरक्षक कलमामुळे. ते नसते तर प्रत्येक ऑर्डरमागे वकिलांची एक बैठक घ्यावी लागली असती.

श्रेणीचा दुसरा गुण असा की ती खाली झिरपते. मुख्य कंत्राटदाराने आपल्या पुरवठादाराला, त्याने त्याच्या पुरवठादाराला, असे करत करत अगदी ओतीव भाग करणाऱ्या लहान कारखान्यापर्यंत तीच श्रेणी पुढे द्यायची असते. कागदावर हे चोख दिसते. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ही साखळी तुटते. छोट्या कारखान्यातील माणसाने हे चिन्ह पूर्वी पाहिलेले नसते, किंवा मधल्या एखाद्या खरेदी अधिकाऱ्याने ते खालच्या ऑर्डरवर लिहायचेच राहून गेलेले असते. नेमका उशीर होतो तो बहुधा याच पातळीवर. अशा वेळी विशेष साहाय्याची मागणी करण्याची सोय आहे. संरक्षण खात्याची कंत्राट व्यवस्थापन संस्था आणि अखेरीस वाणिज्य खाते मध्ये पडून दोन ऑर्डरींतील तंटा सोडवते. ही मागणी लोक तारीख हुकल्यावर करतात. ती तारीख हुकणार असे दिसू लागताच करायची असते.

आता मर्यादा. श्रेणीची ऑर्डर वापरून गरजेपेक्षा जास्त माल घेता येत नाही, गरजेच्या आधी घेता येत नाही, आणि स्वतंत्र परवानगी असल्याशिवाय कारखाना वाढवण्यासाठीचे साहित्य किंवा उत्पादनाची यंत्रेही घेता येत नाहीत. एखाद्या पुरवठादाराकडे पाणबुडीच्या झडपांची डीएक्स ऑर्डर असेल तर त्या झडपांचे पोलाद त्याला आधी मिळेल, पण त्या झडपा कापणारे आणखी एक यंत्र त्याच श्रेणीवर आपोआप मिळणार नाही. शिवाय माणसे या नियमावलीच्या कक्षेतच येत नाहीत. अनुभवी वेल्डरला कोणती श्रेणी लावणार? म्हणजे वितरणाचा क्रम एका क्षणात बदलता येतो, आणि क्षमता मात्र तिसऱ्या भागातील पैसा, वेळ आणि प्रशिक्षण यांनीच वाढते.

दोनच श्रेणींचा हा काटकसरीचा साचा दुसऱ्या महायुद्धातील कटू अनुभवातून आला आहे. १९४० मध्ये अमेरिकी लष्कर व नौदल यांच्या संयुक्त युद्धसामग्री मंडळाने ए-१ ते ए-१० अशा श्रेणी ठरवल्या. थोड्याच काळात जो तो आपला प्रकल्प ए-१ मध्ये नेऊ लागला. मग ए-१ चे ए-१-ए पासून ए-१-जे पर्यंत तुकडे केले गेले. लवकरच सगळ्यांनाच ए-१-ए हवी झाली, म्हणून तिच्याही वर एए आली. जून १९४२ मध्ये एए-१ ते एए-४ असा नवा मजला चढवण्यात आला आणि आणीबाणीसाठी एएए ही श्रेणी राखून ठेवली गेली. चलन छापत गेल्यावर त्याचे मोल जसे उतरते तसे प्राधान्यपत्रांचे झाले: पत्रे वाढली, पोलाद आणि तांबे तेवढेच राहिले. वरच्या श्रेणीचे कागद एकूण उपलब्ध मालापेक्षा अधिक वाटले गेल्यावर कोणाला माल मिळणार हे ठरवायला गिरणीच्या दारात प्रत्यक्ष कोण उभा आहे आणि किती आग्रह करतो आहे, एवढाच निकष उरला. माल पुढे रेटणाऱ्या खास माणसांची एक जमातच त्या काळात तयार झाली, आणि त्यांचा पगार हाही उत्पादनखर्चाचा भाग होऊन बसला.

अणुबाँबचा प्रकल्प याच गर्दीत सुरू झाला हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. १९४२ च्या उन्हाळ्यात मॅनहॅटन प्रकल्पाला मिळाली होती ती एए-३, म्हणजे रणगाडे व जहाजे यांच्या निकडीच्या मागण्यांच्या खालची श्रेणी. सप्टेंबरात लष्करी अधिकारी लेस्ली ग्रोव्ह्ज यांच्याकडे प्रकल्पाची सूत्रे आली, तेव्हा ते दोनच दिवसांत युद्ध उत्पादन मंडळाचे प्रमुख डोनाल्ड नेल्सन यांच्याकडे तयार पत्र घेऊन गेले. नेल्सन यांनी आधी नकार दिला. मग मंडळ सहकार्य करत नसल्याने प्रकल्प सोडून द्यावा अशी शिफारस आपल्याला राष्ट्राध्यक्षांकडे करावी लागेल, असे ग्रोव्ह्ज यांनी सांगितले, आणि गरजेनुसार एएए वापरण्याचा अधिकार मिळाला. या गोष्टीचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तोच अधिक शिकवणारा आहे. एएए ही रोजच्या खरेदीसाठी अवजड ठरली. ती सरसकट वापरली असती तर दुसऱ्या निकडीच्या कामांत इतकी मोडतोड झाली असती की अधिकारच काढून घेतला गेला असता. एए-३ मात्र साध्या मालासाठीही अपुरी पडे. मधल्या जागेसाठी ग्रोव्ह्ज यांची खटपट दीर्घकाळ चालली आणि प्रकल्पाला सर्वसाधारण वापरासाठी एए-१ मिळाली ती १ जुलै १९४४ रोजी. म्हणजे ज्या प्रकल्पाचे उदाहरण निरपवाद प्राधान्यासाठी दिले जाते, त्याने आपला बराचसा काळ मधल्या श्रेणीत काढला, आणि सर्वांत वरचा अधिकार अडलेल्या मोजक्या वस्तूंसाठी राखून वापरला. मला यात ग्रोव्ह्ज यांच्या धमकीपेक्षा त्यांचा संयम मोठा वाटतो.

त्याच प्रकल्पाला तांब्याच्या बाबतीत जे करावे लागले तेही पाहण्यासारखे आहे. ओक रिज येथील युरेनियमच्या विद्युतचुंबकीय विलगीकरणाच्या प्रचंड चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी हजारो टन वाहक धातू हवा होता, आणि तांबे तर काडतुसांपासून विजेच्या तारांपर्यंत सर्वांनाच हवे होते. प्रकल्पातील अधिकारी कर्नल निकोल्स यांनी मग तांब्याच्या रांगेत पुढे घुसण्याऐवजी अर्थखात्याच्या वेस्ट पॉइंट येथील कोठारातून चांदी उसनी घेतली, सुमारे १३,३०० मेट्रिक टन. त्या चांदीची वेटोळी झाली आणि युद्धानंतर ती टप्प्याटप्प्याने परत गेली. प्रत्येक प्रकल्प-व्यवस्थापकाला मी हे उदाहरण सांगतो, कारण दुर्मीळ वस्तूवर श्रेणी लावण्याआधी ती वस्तू खरोखर लागतेच का, हा प्रश्न अभियंत्यांच्या टेबलावर ठेवणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते.

चढत्या श्रेणींच्या गोंधळावर उपाय सापडला तो युद्ध उत्पादन मंडळातील फर्डिनांड एबरस्टॅट यांच्या नियंत्रित पदार्थ योजनेत. ती नोव्हेंबर १९४२ मध्ये जाहीर झाली आणि १९४३ च्या मध्यापासून पूर्णपणे लागू झाली. तिने पोलाद, तांबे आणि ॲल्युमिनियम या तीनच पदार्थांवर हात ठेवला. दर तिमाहीला एकूण किती माल निघणार याचा अंदाज घेऊन लष्कर, नौदल, सागरी आयोग आणि इतर मागणीदार संस्थांना ठरावीक टनांचा वाटा दिला जाई. ती संस्था आपला वाटा मुख्य कंत्राटदारांत आणि ते आपापल्या उपकंत्राटदारांत वाटत. वाट्यापलीकडे कोणी कितीही निकडीचा असला तरी त्याला माल मिळत नसे. प्राधान्यपत्राने तुमची जागा कळे, वाटपपत्राने तुमचे प्रमाण कळे, आणि सर्व वाटपपत्रांची बेरीज उपलब्ध मालाएवढीच असे. योजनेचे खरे श्रेय मी आणखी एका गोष्टीला देईन: आपल्या वाट्यात कोणता प्रकल्प पुढे आणि कोणता मागे हे ठरवण्याची जबाबदारी तिने मागणाऱ्यांवरच टाकली. तोपर्यंत सगळे काही पहिल्या क्रमांकाचे आहे असे म्हणायला कोणाचे काही जात नव्हते.

त्याआधीच्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत एक मूलभूत वादही झडला होता. सायमन कुझनेट्स, रॉबर्ट नेथन आणि स्टेसी मे या युद्ध उत्पादन मंडळातील अर्थ व आकडेवारीच्या जाणकारांनी दाखवून दिले की लष्कराने मांडलेली एकूण उद्दिष्टे देशाच्या उत्पादनक्षमतेत ठरल्या काळात बसतच नाहीत. लष्कराच्या पुरवठ्याचे प्रमुख जनरल सॉमरव्हेल यांना हे मुळीच रुचले नाही, परंतु अखेरीस उद्दिष्टे खाली आणावी लागली. बेरीज बसत नसेल तर कोणतीही श्रेणीपद्धती ती बसवू शकत नाही.

कच्च्या मालाचे गणित सुटले तरी सुट्या भागांचे सुटत नाही. १९४२ च्या अखेरीस कृत्रिम रबराचे कारखाने, उच्च ऑक्टेनचे विमान-इंधन आणि पाणबुड्यांपासून संरक्षण देणाऱ्या रक्षक नौका हे तिन्ही कार्यक्रम "झालेच पाहिजेत" या वर्गात होते, आणि तिघांनाही त्याच झडपा, पंप, उष्णता-विनिमयक आणि टर्बाइन हवे होते. रबराचे कार्यक्रमप्रमुख विल्यम जेफर्स यांनी आपल्या कामासाठी उघड भांडण मांडले आणि लष्करी अधिकारी संतापले. दोन्ही बाजूंना आपण बरोबर आहोत असे वाटत होते, आणि त्यात खोटेही काही नव्हते: टायरविना ट्रक नाही, इंधनाविना विमान नाही, रक्षक नौकेविना मालवाहू जहाज सुरक्षित नाही. १९४२ मध्ये किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नौकांना अचानक अग्रक्रम दिल्यामुळे रक्षक नौकांचा कार्यक्रम मागे पडला, आणि मग अटलांटिकमधील नुकसान पाहून पारडे पुन्हा उलट फिरवावे लागले. असे हेलकावे हा प्राधान्याचा सर्वांत महाग दुष्परिणाम आहे. अर्धवट काम खाली उतरवणे, साचे बदलणे, कामगारांना दुसऱ्या कामाला लावणे यात जो वेळ जातो, तो कोणाच्याच अहवालात स्वतंत्रपणे दिसत नाही.

युद्धानंतर दोनच श्रेणी ठेवल्या तरी वर चढण्याची ओढ थांबली नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आंतरखंडीय क्षेपणास्त्राला सर्वोच्च राष्ट्रीय प्राधान्य दिले. वर्ष संपण्याआधीच मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रालाही त्याच्याबरोबरीचे स्थान द्यावे लागले. एप्रिल १९६२ मध्ये चंद्रावर माणूस उतरवणारा अपोलो कार्यक्रमही त्याच पंक्तीत आला. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय होता, पण पंक्तीत एक पान वाढले की आधी बसलेल्या प्रत्येकाच्या ताटातले थोडे कमी होणारच.

त्या काळातले पोलारिस या पाणबुडीतून डागायच्या क्षेपणास्त्राचे उदाहरण मात्र प्राधान्य नीट वापरले तर काय होते ते दाखवते. नोव्हेंबर १९५५ मध्ये नौदलाने विशेष प्रकल्प कार्यालय स्थापन केले आणि ॲडमिरल रेबॉर्न यांच्या हाती दिले. ग्रॉटन येथील जहाजबांधणीच्या आवारात स्कॉर्पियन या हल्लेखोर पाणबुडीचे बांधकाम सुरू होते. तिचा सांगाडा मध्ये कापून सुमारे १३० फूट लांबीचा क्षेपणास्त्रकक्ष त्यात बसवण्यात आला, आणि ती जॉर्ज वॉशिंग्टन या नावाने ३० डिसेंबर १९५९ रोजी सेवेत दाखल झाली. २० जुलै १९६० रोजी तिने पाण्याखालून पोलारिस डागले. स्कॉर्पियनचे नाव आणि क्रमांक घेऊन दुसरी पाणबुडी नव्याने बांधावी लागली. याचा अर्थ असा की कोणते काम मागे पडणार हे येथे आधीच, नाव घेऊन, एका जबाबदार माणसाने ठरवले होते. शिवाय पोलारिसच्या रचनेत वेळापत्रक सांभाळण्यासाठी क्षमतेत तडजोड केली गेली: पहिल्या आवृत्तीचा पल्ला कमी ठेवला आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढवला. रचनेने अशी साथ दिली नसती तर कोणतीही श्रेणी तो प्रकल्प वेळेवर आणू शकली नसती.

रचनेचा हा मुद्दा ब्रिटनच्या दोन अनुभवांतून अधिक स्पष्ट होतो. मे १९४० मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या विमान उत्पादन मंत्रालयाने स्पिटफायर, हरिकेन, वेलिंग्टन, व्हिटली आणि ब्लेनहाइम या पाच प्रकारांवर सगळी शक्ती एकवटली. ही पाचही विमाने आधीच उत्पादनात होती आणि उद्दिष्ट काही आठवड्यांचे होते. त्यामुळे ते साधले, अर्थात इतर कार्यक्रमांचे साहित्य ओढून घेऊन. १९५२ मध्ये चर्चिल सरकारने काही विमानांना "अतिप्राधान्य" दिले, त्यांत सुपरमरीन स्विफ्ट होते. स्विफ्टचा साचा तेव्हा परिपक्व नव्हता. ते १९५४ मध्ये ब्रिटिश हवाई दलात आले आणि लढाऊ विमान म्हणून त्याच्या पहिल्या आवृत्त्या वर्षभरात मागे घ्याव्या लागल्या. अपुऱ्या रचनेला प्राधान्य दिले की चुकीचे भाग अधिक वेगाने तयार होतात.

जर्मनीच्या ए-४ अग्निबाणाची, म्हणजे व्ही-२ ची, गोष्ट येथे थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात प्राधान्याची किंमत मोजणारे कोण हे उघड दिसते. जुलै १९४३ मध्ये या अग्निबाणाच्या कामाचे प्रमुख डॉर्नबर्गर आणि फॉन ब्राउन यांनी दाखवलेल्या चित्रफितीनंतर हिटलरने त्याला सर्वोच्च श्रेणी दिली. विमान उद्योगाला हव्या असलेल्या विद्युत उपकरणांवर आणि कुशल मनुष्यबळावर त्याने हक्क सांगितला, आणि मनुष्यबळाचा उरलेला प्रश्न मिटेलवेर्क या भूमिगत कारखान्याच्या भुयारांत छळछावणीतील कैद्यांना राबवून सोडवण्यात आला. मिटेलबाउ-डोरा छावणीत सुमारे साठ हजार कैदी आले आणि त्यांतील वीस हजारांच्या आसपास मेले. एका टनाच्या स्फोटकासाठी. लष्करी फळाचा हिशेब येथे मांडण्याचीही आवश्यकता नाही.

आता आपल्या काळात येऊ. २००७ मध्ये इराकमधील रस्त्याकडेच्या बाँबांमुळे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सुरुंगरोधक एमआरॅप वाहनांना डीएक्स दिली. मासिक उत्पादन त्या वर्षाच्या मध्याला शंभराच्या आत होते, ते वर्षअखेरीस हजाराच्या वर गेले. येथे श्रेणीने खरोखर काम केले, कारण अडचण होती ती चिलखती पोलाद आणि जड टायर यांसारख्या इतरांनाही लागणाऱ्या मालाची. रचना बऱ्याच अंशी सिद्ध होती, अनेक उत्पादकांना एकाच वेळी कंत्राटे दिली गेली होती, आणि पैसा कमी पडू दिला नव्हता.

कोलंबिया वर्गाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. ओहायो वर्गाच्या १४ जुन्या पाणबुड्यांची जागा १२ नव्या घेणार आहेत, नौदलाने हा आपला पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम म्हटले आहे आणि त्याला डीएक्स आहे. तरीही एप्रिल २०२४ मध्ये नौदलाच्या आढाव्याने पहिली पाणबुडी १२ ते १६ महिने मागे असल्याचे सांगितले. उशिराची ठळक कारणे न्यूपोर्ट न्यूज येथे होणारा नाकाचा भाग आणि वेळेवर न आलेले टर्बाइन जनित्र ही होती. अशा जनित्राला पर्यायी पुरवठादार सहज मिळत नाही. त्याच्या कारखान्यात पुढे ढकलण्याजोगे दुसऱ्या कोणाचे काम नसेल तर श्रेणी कोणाला मागे सारणार? शीतयुद्ध संपल्यावर पाणबुड्यांचे पुरवठादार मोठ्या संख्येने कमी झाले, आणि जहाजबांधणीच्या आवारांतील अनुभवी कामगार निवृत्त झाले. दरम्यान ग्रॉटन आणि न्यूपोर्ट न्यूज या त्याच दोन आवारांत बांधल्या जाणाऱ्या व्हर्जिनिया वर्गाच्या हल्लेखोर पाणबुड्या त्याच आढाव्यानुसार दोन ते तीन वर्षे मागे होत्या. कोलंबियाच्या श्रेणीने व्हर्जिनियाचे वेल्डर खेचले जातात, ही तक्रार खोटी नाही; फक्त ती श्रेणीची चूक नसून तिचे कामच ते आहे.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. मागे पडणारा ग्राहक संरक्षण क्षेत्रातच असेल तर निदान तो ओरडू शकतो. २०२० च्या अखेरीस कोविड लशींच्या ऑर्डरींना याच कायद्याखाली प्राधान्य मिळाले, तेव्हा एका कंत्राटी औषध कारखान्यातील जागा लशीकडे वळली आणि थायरॉइडशी संबंधित नेत्रविकारावरील एका औषधाचा पुरवठा काही महिने खंडित झाला. ही श्रेणी कधी कोणी दिली आणि का दिली, हे विचारण्याची त्या रुग्णांना जागाच नव्हती.

म्हणून एखाद्या प्रकल्पासाठी डीएक्स मागावी का, असे कोणी विचारले तर मी प्रथम अडलेल्या भागांची यादी मागतो आणि प्रत्येक भागापुढे दोन रकाने ठेवतो: हा भाग करणाऱ्या कारखान्यात आपल्यापुढे सध्या कोणाचे काम आहे, आणि ते काम मागे सारले तर आपले किती आठवडे वाचतील. पहिला रकाना रिकामा असेल तर श्रेणीची गरज नाही. तेथे तिसऱ्या भागाखालील गुंतवणूक, दुसरा पुरवठादार तयार करणे, किंवा तो भागच टाळणारी रचना यांपैकी काहीतरी लागेल. दुसऱ्या रकान्यात लहानसा आकडा आला तर डीओवरच विशेष साहाय्य मागणे पुरते, आणि ते आठवड्यांत मिळते, तर डीएक्सची मंजुरी मंत्र्यांच्या टेबलापर्यंत जाते. दोन्ही रकान्यांत भरभक्कम नोंदी असतील, रचना स्थिर असेल, आणि मागे पडणाऱ्या कार्यक्रमाच्या प्रमुखाला हे आधी सांगितले असेल, तरच अर्ज करावा.

अर्ज मंजूर झाल्यावरचे पहिले काम म्हणजे खालच्या प्रत्येक पायरीवरील चालू ऑर्डरी सुधारून त्यांवर नवी श्रेणी चढवणे. मुख्य कंत्राटात ती आली म्हणून जुन्या उपऑर्डरींवर ती आपोआप उमटत नाही. दुसरे काम तारखा तपासण्याचे. समान श्रेणीत निर्णय पोचवण्याच्या तारखेवर होत असल्यामुळे प्रत्येकाला आपली तारीख दोन-तीन महिने अलीकडे लिहिण्याचा मोह होतो, आणि मग माल येऊन गोदामात पडून राहतो, तर त्याच श्रेणीचा दुसरा प्रकल्प त्याच भागासाठी थांबतो. नियमावलीत गरजेआधी माल घेण्यास मनाई आहेच, पण ती तपासणारा माणूस कारखान्यात रोज नसतो. जोडणीच्या वेळापत्रकात तो भाग ज्या आठवड्यात बसणार आहे त्या आठवड्यावरून मागे मोजून तारीख काढावी, तिच्यात तपासणीसाठी लागणारे दिवस उघडपणे दाखवावेत, आणि जोडणीचे वेळापत्रक पुढे सरकले की त्याच दिवशी पुरवठादाराला नवी तारीख कळवावी, मग त्याने मोकळी झालेली जागा दुसऱ्या डीएक्स प्रकल्पाला दिली तरी हरकत नाही.